लाइन डेड

बाबा माझगाव एक्स्चेंजला केबल जॉइंटर होते.
रे रोडच्या कडेला खड्ड्यात मांडी घालून बसायचे,
वर ताडपत्री, बाजूला गळका पाइप,
हातात चारशे जोड्या तांब्याच्या,
कागदात गुंडाळलेल्या. घरी आले
की बोटांना मेणाचा वास.
चोर केबल का कापतात, मी विचारलं होतं.
"तांब्यासाठी," ते म्हणाले. "पण गंमत बघ,
ज्या फोनवरून तक्रार करायची
तोच आधी मरतो."

परळच्या प्रयोगशाळेत, चौथ्या मजल्यावर,
तेच वाक्य मी पेशींना लावून बघते.

पेशीच्या आत पहारेकरी असतात.
त्यांना चेहरे कळत नाहीत. कळतं एवढंच:
आपल्या घरची चिठ्ठी एकपदरी,
डोक्यावर टोपी घातलेली.
दुपदरी दिसली, बोडकी दिसली, की परक्याची.
म्हणून कुणी विषाणू आपली टोपी शिवून घेतो,
कुणी आमच्याच चिठ्ठीची मुंडी छाटून टोपी पळवतो,
कुणी पेशीच्याच पडद्यांचे फुगे करून
झाकण लावून आत बसतो, नकला काढत.

आणि एवढं करूनही एखाद्याला संशय आलाच,
तर निरोप निघायच्या आत वायर कापतो.
प्रथिनाची छोटी कात्री. एकच जागा.
फरझाना फिल्म उजेडावर धरते:
एक पट्टा हवा तिथे दोन, आखूड.
"कापलंय," म्हणते, आणि चहा सांगते.

इंटरफेरॉन नावाचा निरोप फार साधा असतो.
माझं काही खरं नाही, तुम्ही दारं लावून घ्या.
तेवढंही शेजाऱ्यांना सांगू द्यायचं नाही,
पहिले दोन दिवस.
सगळा डाव तेवढाच.

मार्चमधल्या त्या मंगळवारी बाबांनी
भाऊच्या धक्क्यावरून बोंबील आणले,
स्वतः साफ केले.
"ठणठणीत," फोनवर म्हणाले.
आणि मी, जिला हे सगळं पाठ,
बरं वाटून फोन ठेवला.
त्या शांततेत केवढी छपाई चालली होती.

ताप शुक्रवारी आला. एकशे दोन.
आई घाबरली. मला मात्र, सांगायला लाज वाटते,
सुटल्यासारखं झालं.
लाइन लागली होती. उशिरा, खरखरत, पण लागली.

वॉर्डात, नाकाला नळी, ते मला सांगत होते
रात्रपाळीत काय करायचं ते.
तक्रारीची वाट बघायची नाही.
एकेक लाइन आपणच हळूच ठोकून बघायची.
उत्तर नाही आलं, की रजिस्टरात लाल शाईनं
"डेड" लिहायचं, आणि फावडं घेऊन निघायचं.

शरीरातही असं एक गस्तीचं खातं आहे, मी म्हटलं.
दारोदार फिरतं, पाट्या वाचतं.
ज्या दारावरची पाटी उतरवलीय
ते दार ठोठावत बसत नाही, तोडतं.
बाबा खूश झाले.
मग पुढचंही सांगितलं: काही विषाणू
खोटी पाटी लावून ठेवतात.
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
सिस्टर म्हणाली, कोयंडे काका, बोलू नका आता.
"अक्षर बघायचं," ते म्हणाले. "पाटीचं अक्षर."

आता घरी आहेत. काळा फोन अजून टीपॉयवर,
कनेक्शन कधीच गेलंय.
रोज सकाळी रिसीव्हर उचलतात, कानाला लावतात,
थोडं ऐकतात, ठेवतात.
काय ऐकता, मी विचारत नाही.

कामावर गेल्यावर मीही पहिलं तेच करते.
थाळी काढते, उजेडात धरते.
गुलाबी पाणी स्वच्छ, पेशी शांत,
नीट पसरलेल्या, ठणठणीत.
मग स्टूल ओढते
आणि त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.